जियांगशीपट
कुंगफू, विनोद आणि भुताटकी यांची सांगड घालणारा हाँगकाँगमधील कँटनीज चित्रपटप्रकार. त्याचा बहर सामान्यतः १९८० च्या दशकातला मानतात. जियांगशी म्हणजे हात पुढे ताठ धरून उड्या मारत येणारे प्रेत. पडद्यावर ते बहुधा चीनच्या चिंग राजवटीतील (१६४४–१९१२) अधिकाऱ्याच्या पोशाखात दिसते.

या उड्यांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत चीनमधील हूनान प्रांताच्या पश्चिम भागातील प्रेते ‘हाकत’ नेण्याच्या प्रथेकडे बोट दाखवते. परमुलखात मेलेल्यांना मांत्रिक रात्री रांगेने गावी चालवत नेतात, अशी तेथील लोकसमजूत. प्रत्यक्षात प्रेते लांब बांबूंना बांधून नेत व बांबू लवल्याने ती उसळल्यासारखी भासत, असा तिचा उलगडा करतात. तो चटकन पटतो; मात्र त्याची भिस्त बरीचशी ऐकीव माहितीवर आहे. दुसरे मत चिंगकालीन कथासंग्रहांचा आधार घेते. पू सोंगलिंग (१६४०–१७१५) याच्या एका कथेत प्रेत निजलेल्या प्रवाशांवर फुंकर घालते आणि श्वास रोखून पडलेला एकटाच वाचतो. श्वास कोंडला की जियांगशीला माणूस सापडत नाही, हा चित्रपटांतील हमखास हशा पिकवणारा प्रसंग याच परंपरेतला दिसतो. कथेतले प्रेत मात्र धावते, उड्या मारत नाही. त्यामुळे निदान श्वासाच्या कल्पनेपुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सुळे आणि चाव्यातून होणारी बाधा यांवर ड्रॅक्युलापटांची छाप असावी.

अभिनेता-दिग्दर्शक सामो हंगच्या ‘एनकाउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड’ने (१९८०) या प्रकाराची घडी बसवली. पेकिंग ऑपेरा या कसरतप्रधान चिनी संगीतनाट्याच्या तालमीत तयार झालेल्या हंगची चपळाई त्यात भूतबाधेच्या कामी येते: ताबा सुटलेला स्वतःचाच हात त्याला बडवतो. त्यानेच निर्मिलेल्या, रिकी लाउ दिग्दर्शित ‘मिस्टर व्हँपायर’ने (१९८५) साचा पक्का केला. लाम चिंगयिंगने (१९५२–९७) त्यात जाड जोड-भुवयांचा, करारी ताओवादी (ताओ या चिनी धर्मपंथाचा) गुरू रंगवला. गोंधळ घालण्याचे काम शिष्यांकडे. जियांगशीच्या कपाळी पिवळा मंत्रांकित कागद चिकटवला की तो जागीच थिजतो. कोंबड्याचे रक्त, सुताराची शाईची दोरी, पीचच्या लाकडाची तलवार हे इतर उपाय. जियांगशीच्या चाव्यातून होणाऱ्या विषबाधेवर चिकट तांदूळ लागतो. दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळतो, तेव्हा भेसळ हाही कथानकाचा भाग होतो.

पुढे अनुकरणांची लाट आली, तैवानमध्येही. १९९० च्या दशकात ती ओसरली. ‘रिगर मॉर्टिस’मध्ये (२०१३) ‘मिस्टर व्हँपायर’मधील काही नट पुन्हा दिसले, पण त्यात विनोद जवळजवळ नाही.