झायडेको आणि केजन: दोन्ही एकच का?

"झायडेको हे केजन संगीताचंच दुसरं नाव," असं एक वाक्य संगीतप्रेमींच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतंय. गैरसमज होणं साहजिक आहे. दोन्ही अमेरिकेतल्या लुइझियानाच्या नैऋत्य भागातले, दोन्हींत अ‍ॅकॉर्डियन, दोन्हींत फ्रेंच शब्द.

पण माणसं वेगळी. १७५५ पासून ब्रिटिशांनी आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून हाकललेल्या फ्रेंचभाषक अकेडियनांचे वंशज म्हणजे केजन. झायडेको मात्र तिथल्याच फ्रेंचभाषक कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं. घरगुती नाचगाण्याच्या 'ला-ला' संगीतात ब्लूज हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत मिसळत दुसऱ्या महायुद्धानंतर ते आकाराला आलं. देवाणघेवाण भरपूर होती. १९२९ मध्ये एक क्रिओल अ‍ॅकॉर्डियनवादक आणि एक गोरा फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) यांनी एकत्र रेकॉर्डिंगही केलं होतं. तेवढ्याने दोन्ही एक ठरत नाहीत.

पडताळायचंय? अल्बमवरची वादकांची यादी वाचा. फिडल आणि लोखंडी त्रिकोण असेल तर बहुधा केजन. रबबोर्ड दिसला तर जवळजवळ नक्की झायडेको. हा नालीदार पत्रा खांद्यांवरून बंडीसारखा छातीवर अडकवतात आणि चमच्यांनी किंवा बाटलीच्या ओपनरने खरवडतात. मग हेडफोन लावा: ड्रमसोबत ती खर्र-खर्र अखंड चालू असते, जोडीला इलेक्ट्रिक गिटार, कधी सॅक्सोफोन. तीन मात्रांचा वॉल्ट्झ केजनमध्ये वारंवार भेटतो, पण झायडेकोतही असतो. त्यामुळे नुसत्या तालावरून निकाल देऊ नका.