आपत्ती आणि तीव्र हवामानाच्या स्थानिक इशाऱ्यांसाठी नोंदणी

पूर, चक्रीवादळ, वणवा, दरड, विषारी वायूची गळती किंवा पिण्याचे पाणी दूषित होणे अशा प्रसंगी स्थानिक प्रशासन किंवा हवामान संस्था इशारा देते. तो थेट आपल्या फोनवर, ई-मेलवर किंवा रेडिओवर यावा म्हणून नागरिक आपला क्रमांक, पत्ता आणि भाषा आधीच कळवून ठेवतो. यालाच इशाऱ्यांसाठीची नोंदणी म्हणतात. ती बहुतेक ठिकाणी मोफत असते आणि पाच-दहा मिनिटांत होते. तरीही पुष्कळ लोक ती करत नाहीत. ‘मोठे संकट आले तर फोन आपोआप वाजेलच’ हा समज त्यामागे असतो आणि तो अर्धाच खरा आहे.

दवंडी आणि चिठ्ठी

फोनवर येणारे इशारे दोन जातींचे असतात. पहिली जात सेल ब्रॉडकास्टची. मोबाइलचा टॉवर एकच संदेश आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम देतो. कोणाचा क्रमांक काय, हे टॉवरला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. दवंडी पिटल्यासारखेच हे काम आहे: जो टप्प्यात असेल त्याच्या कानावर पडेल, मग तो रहिवासी असो की वाटसरू. नेटवर्कवर कितीही गर्दी असली तरी दवंडी अडत नाही. हे तंत्र १९९७ मध्ये पॅरिसमध्ये प्रथम दाखवण्यात आले. अमेरिका आणि नेदरलँड्स यांनी २०१२ मध्ये ते सार्वजनिक इशाऱ्यांसाठी सुरू केले. युरोपीय संघाने सदस्य देशांना फोनवरून सार्वजनिक इशारा देण्याची व्यवस्था उभारण्यासाठी जून २०२२ची मुदत घातली. ब्रिटनने २३ एप्रिल २०२३ रोजी पहिली देशव्यापी चाचणी घेतली.

दुसरी जात नोंदणीची. यात नाव दिलेल्या प्रत्येकाला एसएमएस, ई-मेल, आवाजी कॉल किंवा ॲपवरची सूचना स्वतंत्रपणे जाते. हे घरोघरी चिठ्ठी पोहोचवण्यासारखे आहे. चिठ्ठीला वेळ लागतो आणि हजारो एसएमएस एकदम सुटले की रांगही लागते. पण चिठ्ठीत तुमच्या गल्लीपुरता मजकूर लिहिता येतो, दवंडीत येत नाही.

दवंडी असताना चिठ्ठी कशाला हवी? कारण दवंडी जपून वापरावी लागते. जिवाला तातडीचा धोका असेल तरच ती पिटायची, असा दंडक बहुतेक देशांत आहे. पूल बंद झाला, निवारा केंद्र उघडले, पाणी उकळूनच प्या, धरणातून विसर्ग वाढवला, शाळा उद्या बंद, या बातम्या त्या पायरीवर पोहोचतच नाहीत. त्या मिळतात फक्त नोंदणी केलेल्यांना. संकटाच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांत माणसाचे बहुतेक निर्णय याच बातम्यांवर ठरतात.

शिवाय दवंडी पिटायची की नाही हे कोणातरी अधिकाऱ्याला ठरवावे लागते आणि त्यात वेळ जाऊ शकतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा काउंटीत रात्री वणवा पेटला. सर्वांना जाणारा इशारा त्या वेळच्या व्यवस्थेत फार मोठ्या भागात गेला असता, लोक घाबरून एकदम बाहेर पडले असते आणि रस्ते तुंबले असते, या भीतीने अधिकाऱ्यांनी तो पाठवलाच नाही. नोंदणीवर चालणाऱ्या सेवांवरून संदेश गेले, लँडलाइनवर कॉल गेले. ज्यांनी नाव नोंदवले नव्हते आणि ज्यांच्याकडे लँडलाइन नव्हती, त्यांच्यापर्यंत शेजाऱ्याने दार ठोठावल्यावर किंवा धुराचा वास आल्यावरच खबर पोहोचली. या निर्णयावर पुढे बरीच टीका झाली.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाची गोष्ट याहून बोलकी आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथल्या हवामान संस्थेने सकाळीच लाल इशारा दिला होता. प्रशासनाचा सार्वत्रिक इशारा मात्र लोकांच्या फोनवर वाजला तो रात्री आठनंतर. तोवर अनेक गावांत रस्त्यांवरून लोंढे वाहत होते. त्या पुरात २२० हून अधिक माणसे गेली. म्हणून प्रशासनाकडे नाव नोंदवताना हवामान संस्थेच्या इशाऱ्यांसाठीही वेगळी नोंदणी करावी. इशारा जिथे जन्मतो तिथून तो थेट आला, तर मधल्या एका निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

नोंदणीत काय द्यायचे

मोबाइल क्रमांकाइतकेच महत्त्व पत्त्याला आहे. पूर्वी हवामानाचा इशारा अख्ख्या जिल्ह्याला दिला जाई. आता तो नकाशावर आखलेल्या बहुभुजाला दिला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने ही पद्धत १ ऑक्टोबर २००७ पासून लागू केली. तुमचा पत्ता त्या आकृतीत पडला तर संदेश येतो, पडला नाही तर येत नाही. साहजिकच घर बदलले आणि पत्ता जुनाच राहिला, तर वादळ तुमच्या डोक्यावर असताना फोन गप्प राहील आणि सोडलेल्या घरावरच्या पावसाची खबर मात्र इमानेइतबारे देत राहील. नोंदणी एकदा करून विसरण्याची गोष्ट नाही, ती याचसाठी. अनेक सेवा एकाच नावावर दोन-चार पत्ते घेतात. घराबरोबर कामाची जागा, मुलांची शाळा आणि वेगळे राहणाऱ्या आईवडिलांचे घर यांचे पत्ते द्यावेत.

पुढचा प्रश्न असतो: कोणते इशारे हवेत? इथे सगळ्या चौकोनांवर खूण करण्याचा मोह होतो. तो टाळावा. दर सरीला आणि दर वाऱ्याला फोन वाजू लागला की पंधरा दिवसांत माणूस न वाचताच संदेश पुसू लागतो आणि खरा इशाराही त्यातच पुसला जातो. किरकोळ सूचना ई-मेलवर, गंभीर इशारे एसएमएसवर आणि घर सोडण्याचे आदेश आवाजी कॉलवर, अशी वाटणी बरी पडते. काही सेवा ‘रात्री शांतता हवी का’ असेही विचारतात. सर्वांत वरच्या श्रेणीच्या इशाऱ्यांना ही शांतता कधीही लागू करू नये. पूर झोपमोडीचा विचार करत नाही.

भाषेचा रकाना लोक सर्रास रिकामा सोडतात. त्यामागचा एक तांत्रिक तपशील मराठी वाचकाने जाणून घेण्याजोगा आहे. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीची फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना प्रत्येकी वेगळी जागा लागते. ‘पुराचा धोका, घर सोडा’ या एवढ्याशा वाक्यात उच्चाराची अक्षरे नऊ, पण संदेशात ते वीस जागा खाते. त्यामुळे देवनागरीतला इशारा लवकर तुटतो आणि दोन-तीन तुकड्यांत येतो. म्हणून पहिल्याच तुकड्यात ‘काय करा’ हे आले पाहिजे. इशारा लिहिणाऱ्यांना हे शिकवावे लागते. घरातल्या वयस्कर माणसाला जी भाषा घाईत वाचता येते, तीच नोंदणीत निवडावी.

संदेशाच्या पोटात काय असते

बहुतेक आधुनिक इशारे ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’ या एकाच साच्यात लिहिले जातात. ओएसिस या मानक संस्थेने तो २००४ मध्ये मान्य केला आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने तो स्वीकारला. एकदा लिहिलेला इशारा फोन, रेडिओ, टीव्ही, रस्त्यावरचे फलक अशा सगळ्या वाटांनी जावा, हा त्याचा हेतू. भारतातील ‘सचेत’ ही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची सेवाही याच साच्यावर चालते. या साच्यात प्रत्येक इशाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: किती लवकर, किती तीव्र आणि किती खात्रीने. वर्तवलेले वादळ आणि डोळ्यांनी पाहिलेले वादळ यांतला फरक तिसऱ्या उत्तरात असतो.

हवामान संस्थांच्या भाषेत हाच फरक पायऱ्यांनी दाखवतात. ‘लक्ष ठेवा’ म्हणजे परिस्थिती जमून येते आहे, तयारीला लागा. ‘इशारा’ म्हणजे संकट आले आहे किंवा येऊन ठेपले आहे, आत्ता हालचाल करा. अनेक देश पिवळा, नारिंगी, लाल असे रंग वापरतात, पण रंगांचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो. कुठे रंग पावसाच्या आकड्यावर ठरतो, कुठे त्या पावसाने होणाऱ्या नुकसानीवर. आपल्या संस्थेचा तक्ता नोंदणीच्या दिवशीच एकदा वाचून ठेवावा.

फोन ऐकतो आहे का

नोंदणी पूर्ण झाली, पुष्टीचा संदेशही आला, आणि तरी ऐन वेळी फोन गप्प, हे घडते. कारणे फोनच्या आतच असतात. बॅटरी वाचवण्याची सोय कमी वापरलेल्या ॲपला झोपवते. इशाऱ्याचे ॲप महिनोन्‌महिने वापरात नसते, त्यामुळे पहिला बळी त्याचाच जातो. त्याला या बंधनातून वगळावे. ठिकाणाची परवानगी ‘ॲप वापरताना’ अशी ठेवली असेल, तर ॲप बंद असताना तुम्ही कुठे आहात हे त्याला कळत नाही. ‘व्यत्यय नको’ चालू असताना एसएमएसही मुका होतो. त्यावर उपाय म्हणजे इशारे ज्या क्रमांकावरून येतात तो संपर्कयादीत जतन करून त्याला अपवाद करणे. सेल ब्रॉडकास्टची कळ सेटिंग्जमध्ये वेगळी असते आणि एखाद्या चाचणीच्या आवाजाला वैतागून लोक ती बंद करून टाकतात. ती पुन्हा उघडून पाहावी. फोन फारच जुना असेल तर काही देशांत ही दवंडी त्याला ऐकूच येत नाही. ब्रिटनमध्ये ती फक्त ४जी आणि ५जी फोनवर वाजते.

अमेरिकेतल्या फोनवर या इशाऱ्याचा आवाज मुद्दाम कर्कश ठेवला आहे. ८५३ आणि ९६० हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजतात आणि सोबत फोन एकदा लांब, मग दोनदा आखूड थरथरतो. ऐकू न येणाऱ्यालाही हाताने कळावे, म्हणून ही ठरलेली थरथर.

वादळात टॉवरच पडला तर दवंडी आणि चिठ्ठी दोन्ही संपतात. म्हणून एकाच वाटेवर विसंबू नये. अमेरिकेत हवामान रेडिओ नावाचे स्वतंत्र यंत्र मिळते. ते १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात वारंवारितांवर चालते. त्यात आपल्या भागाचा सहा अंकी संकेत भरला की ते एरवी मुकाट बसते आणि त्या भागाचा इशारा आला की मध्यरात्रीही आपणहून बोलू लागते. यात नाव, क्रमांक, पत्ता काहीच कोणाला द्यावे लागत नाही. नोंदणी होते ती यंत्राच्या पोटात.

सुटून जाणारे

ज्यांना इशाऱ्याची सर्वांत जास्त गरज असते तेच बहुधा यादीत नसतात: एकटे राहणारे वृद्ध, स्थानिक भाषा न जाणणारे मजूर, चार दिवसांसाठी आलेले पाहुणे, ज्यांच्याकडे साधा फोनही नाही असे. काही ठिकाणी आजारी, अंथरुणाला खिळलेल्या किंवा ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेल्या माणसांसाठी वेगळी यादी ठेवतात, म्हणजे घर रिकामे करताना त्यांच्यासाठी वाहन धाडता येते. ही यादी मुख्य नोंदणीत आपोआप भरली जात नाही, तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आजच्या बांगलादेशने (तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानने) १९७० च्या भोला चक्रीवादळात लाखो माणसे गमावली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या चक्रीवादळ सज्जता कार्यक्रमात स्वयंसेवक आजही झेंडे लावून आणि कर्ण्यावरून ओरडून वस्तीवस्तीत खबर देतात. नोंदणी केलेला एक माणूस आपल्या मजल्यावर किंवा वाडीत हेच काम करू शकतो.

फसवणूक आणि खोटे इशारे

नोंदणीसाठी पैसे, बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागणारा दुवा खोटा समजावा. पत्ता स्वतः टाइप करून अधिकृत स्थळावर जावे. खऱ्या यंत्रणेकडूनही चूक होते. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा चुकून सुटला आणि तो खोटा असल्याचा संदेश फोनवर यायला ३८ मिनिटे लागली. म्हणून दुसऱ्या स्रोताकडून पडताळा घ्यावा, पण सुरक्षित जागी पोहोचल्यावर.

चाचण्या

नेदरलँड्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आणि फ्रान्समध्ये पहिल्या बुधवारी दुपारी भोंगे वाजवून पाहतात. जर्मनीने १० सप्टेंबर २०२० रोजी देशभर चाचणी घेतली. ॲपवरचा इशारा सुमारे अर्धा तास उशिरा आला आणि पुष्कळ ठिकाणी भोंगेच उरलेले नव्हते. पुढच्याच वर्षी जुलैमधल्या पुरात तिथे १८० हून अधिक लोक दगावले. सेल ब्रॉडकास्ट त्यानंतर, फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाले. चाचणीचा दिवस कळला की घरातले सगळे फोन एका टेबलावर ठेवावेत आणि कोणता वाजत नाही ते पाहावे.

धोका टळल्यानंतर

कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉलमध्ये इशाऱ्याइतकीच त्याच्या सुधारणेची आणि रद्द होण्याचीही सोय आहे. दवंडी सहसा फक्त ‘पळा’ म्हणते. कोणता रस्ता मोकळा झाला, कोणत्या भागात परतायला परवानगी मिळाली, नळाचे पाणी पुन्हा पिण्याजोगे कधी झाले, हे सांगणारे संदेश मागाहून नोंदणीच्याच यादीवर येतात, कधी पूर ओसरून आठवडा उलटल्यावरही. म्हणून संकट सरल्याबरोबर नाव काढून घेऊ नये. बाहेरगावच्या नातेवाइकांकडे आसरा घेतला असेल तरीही नोंदणीत सोडून आलेल्या घराचा पत्ता तोवर तसाच राहू द्यावा.