पार्टवरची तारीख गाडीच्या तारखेशी तंतोतंत जुळायला हवी? अजिबात नाही

जुन्या अमेरिकन मसल कार (दमदार इंजिनच्या गाड्या) रिस्टोअर करणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय, की पार्टवरची तारीख आणि गाडीची तारीख एकच असेल तरच गाडी ओरिजिनल. अहो, ब्लॉक (इंजिनचा मुख्य ओतीव सांगाडा) ओतायचा, मशीनिंग करायचं, इंजिन जोडायचं, मग ते गाडीत बसणार, सगळं एकाच दिवशी कसं होईल?

१९६९ची शेवरोले कॅमॅरो घ्या. ब्लॉकवर सी १४ ९, म्हणजे सी हा तिसरा महिना आणि ९ हे १९६९, थोडक्यात १४ मार्चला ओतला, इंजिनच्या पॅडवर (नंबर ठोकायची सपाट जागा) व्ही०३२१ म्हणजे फ्लिंटच्या प्लँटमध्ये (व्ही ही त्याची खूण) २१ मार्चला जोडलं, आणि बॉडीच्या टॅगवर ०४बी, म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा. एकदम व्यवस्थित. पार्ट काही आठवडे आधीचा असणारच, गाडीनंतरचा निघाला तर मात्र तो नक्की बदललाय.

आणि त्या ९वर लगेच भाळू नका, वर्षाचा एकच आकडा असतो त्यामुळे तो १९७९ पण असू शकतो, कारण ३९७००१० नंबरचा ३५० घनइंची इंजिनाचा ब्लॉक शेवरोलेने तेव्हापर्यंत वापरलाय. शिवाय तारीख बरोबर असली म्हणजे इंजिन त्याच गाडीचं असं नाही, त्यासाठी ब्लॉकवर ठोकलेला गाडीच्या चॅसी नंबरचा भाग बघा. विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत.