अकरा महिन्यांचा करार आणि नोंदणी

"अकरा महिन्यांच्या भाडेकराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते" हे वाक्य भाड्याने घर घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ऐकलेलं असतं. महाराष्ट्रात ते खरं नाही.

समज आला कुठून, तेही बघू. 1908च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. म्हणून अकरा महिने! पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 55ने राज्यात ही पळवाट बुजवली. मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे घर भाड्याने देताना नेहमी होतो तो अकरा महिन्यांचा करारही) लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. त्याने ती टाळली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झालाच, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात.

ठाण्यात हे फार जिव्हाळ्याचं आहे. नौपाड्यात जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत, आजूबाजूची भाडी चढतायत, आणि "पुढच्या महिन्यापासून एवढे द्या, नाहीतर खोली सोडा" असं ऐकणाऱ्या काकूंच्या हातात फक्त नोटरीचा शिक्का मारलेला स्टॅम्प पेपर असतो.

तुमचा करार आत्ता काढून बघा. नोंदणी झाली असेल, तर त्यावर दस्त क्रमांक असतो. तो नोंदणी खात्याच्या वेबसाइटवर टाकून सूची 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, पाहता येते. नुसता गोल शिक्का आणि सही असेल, तर नोंदणी झालेली नाही.