पाल्मिराचा किल्ला फख्रुद्दीनने बांधला नाही

सीरियाच्या वाळवंटातल्या पाल्मिराच्या (अरबीत तदमुर) भग्नावशेषांवर, टेकडीच्या माथ्यावर एक पडका किल्ला आहे. अरबीत त्याला 'कलअत इब्न मान', म्हणजे 'मानपुत्राचा किल्ला' म्हणतात. त्यामुळे तो लेबनॉनचा द्रूझ पंथाचा अमीर (सरदार-शासक) फख्रुद्दीन दुसरा (मान घराणे, मृत्यू 1635) यानेच बांधला, असे वर्षानुवर्षे छापले जाते. काहीजण तर थेट पाल्मिराच्या प्राचीन राणीचे, झेनोबियाचे नाव घेतात. ती 272 मध्ये रोमनांकडून हरली, म्हणजे हा किल्ला उभा राहण्याच्या साडेनऊशे वर्षे आधी!

किल्ला मूळचा 1230 च्या आसपासचा, सीरियातल्या होम्स शहराचा, अय्यूबी (सलादिनच्या) घराण्यातला अमीर शिरकूह दुसरा याच्या काळातला मानतात. फख्रुद्दीनने तो पुढे चारशे वर्षांनी ताब्यात घेतला. नाव चिकटले ते ताबा घेणाऱ्याचे, बांधणाऱ्याचे नव्हे.

भोवतीचा खंदक खडकात कोरलेला आहे. तो पुलाने ओलांडल्याशिवाय दरवाजा गाठता येत नाही, म्हणून पूल गेला की वाट संपली. 2016 मध्ये माघार घेताना आयसिसने प्रवेशाच्या पायऱ्या स्फोटाने उडवल्या, तेव्हाही वाट अशीच तुटली. तटाची पडझड मात्र सगळीच त्यांच्या खात्यावर टाकू नये. जुन्या छायाचित्रांतही तट ढासळलेलेच दिसतात.