जास्तीत जास्त पॉवर आणि जास्तीत जास्त कार्यक्षमता: दोन्ही एकाच लोडवर मिळत नाहीत

लोडला, म्हणजे पॉवर वापरणाऱ्या उपकरणाला, जास्तीत जास्त पॉवर कधी मिळते? लोडचा रोध सोर्सच्या, म्हणजे पॉवर पुरवणाऱ्याच्या, अंतर्गत रोधाइतका असला की. हे उत्तर इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही पोराला पाठ असतं. पण तेव्हा कार्यक्षमता किती, म्हणजे एकूण पॉवरपैकी किती लोडला पोचते, असं विचारलं की पुष्कळजण बिनधास्त शंभर टक्के सांगतात.

आकडे घालून बघा. सोर्स १२ व्होल्टचा, अंतर्गत रोध ४ ओहम. लोडही ४ ओहमचा लावला तर करंट १.५ अँपिअर. लोडला ९ वॅट मिळतात आणि तेवढेच ९ वॅट सोर्सच्या पोटात उष्णता होऊन जातात. म्हणजे कार्यक्षमता ५० टक्के. लोड ३६ ओहमचा केला तर करंट ०.३ अँपिअरवर येतो आणि लोडला जेमतेम ३.२४ वॅट मिळतात, पण कार्यक्षमता ९० टक्के होते. अँटेनावरून येणारा सिग्नल आधीच दुबळा असतो, तिथे पहिला हिशोब कामाचा. वीज वाहून न्यायची असेल तर दुसराच.

कोल्हापुरात गणपतीत मंगळवार पेठेतल्या गल्लीत फिरलात तर दुसरा हिशोब खांबावर टांगलेला दिसेल. समजा ८ ओहमचा हॉर्न (भोंगा) अँप्लिफायरपासून १०० मीटरवर आहे. जाऊन-येऊन २०० मीटर तार झाली. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध भरतो साधारण ३.४ ओहम. हॉर्न थेट जोडला तर जवळजवळ ३० टक्के पॉवर तारेतच संपते. म्हणून जाणता साउंडवाला १०० व्होल्टची लाइन टाकतो आणि प्रत्येक हॉर्नला लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावतो. १० वॅटच्या टॅपिंगवर (ट्रान्सफॉर्मरच्या १० वॅटसाठीच्या जोडणीवर) एक हॉर्न लाइनला १,००० ओहमचा दिसतो. असे पाच लावले तरी २०० ओहम. सगळे लाइनच्या टोकाला असले तरी तारेत दोन टक्केही जात नाहीत. ट्रान्सफॉर्मरवर मॅचिंग लिहिलेलं असलं तरी इथे रोध समान करायचे नाहीत, करंट कमी करायचा आहे.

अँप्लिफायरच्या पाठीवरचं ‘८ ओहम’ही असंच फसवतं. तो त्याचा अंतर्गत रोध नव्हे. ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरचा आउटपुट रोध सहसा ओहमच्या छोट्याशा अंशाइतका असतो; ८ ओहम म्हणजे त्याला झेपेल असा लोड. ‘मॅच’ करायच्या नादात अर्ध्या ओहमचा लोड लावाल तर आउटपुट ट्रान्झिस्टर जातील.

खरं मॅचिंग लागतं ते हॅम रेडिओत, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओ-संपर्कात. ५० ओहमच्या केबलला २०० ओहमचा अँटेना थेट जोडला, तर पोचलेल्या पॉवरपैकी ३६ टक्के परत फिरते. ७.१ मेगाहर्ट्झवर केबलच्या बाजूने सिरीजमध्ये १.९४ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि अँटेनाला समांतर १९४ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला की केबलला ५० ओहमच दिसतात. मग निम्मी पॉवर जळते का? नाही. आदर्श कॉइल आणि कपॅसिटर पॉवर खात नाहीत. प्रत्यक्षात थोडी जाते ती मुख्यतः कॉइलच्या तारेच्या रोधात, म्हणून कॉइल जाड तारेची गुंडाळावी. ट्रान्समीटरलाही ५० ओहमचा लोड हवा असतो एवढंच, त्याचा अंतर्गत रोध ५० असतोच असं नाही. म्हणून क्लास सीचा, म्हणजे आवर्तनाच्या थोड्याच भागात करंट वाहू देणारा, आउटपुट ७० टक्के कार्यक्षमतेने चालू शकतो. कपॅसिटर मात्र बघून घ्या: १०० वॅटला त्याच्यावर २०० व्होल्टचं शिखर येतं, तिथे ५० व्होल्टचा सिरॅमिक टिकणार नाही.