अनुदानाच्या जाहिरातीत 'मूल्यमापन' असेल तर अर्ज कसा करायचा

अनुदानाची जाहिरात निघाली की संस्थेतले लोक आधी रक्कम आणि शेवटची तारीख बघतात. 'मूल्यमापन बंधनकारक राहील' ही शेवटच्या पानावरची ओळ राहून जाते, आणि वर्षभरानं गाडी तिथंच अडते.

पात्रता बहुतेक ठिकाणी सारखीच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी. केंद्राचं अनुदान असेल तर नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं संकेतस्थळ) आयडीही. सोबत संस्थेची घटना (नियमावली), पॅन, बहुधा तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, कार्यकारिणीचा ठराव आणि आधीच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्चले याचा दाखला. परिशिष्ट-१ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीचा, उतारा मात्र ताजा काढा. माझ्याकडे आलेल्या एका फायलीत ठरावावर सही नव्या सचिवांची आणि उताऱ्यावर नाव वारलेल्या सचिवांचं होतं. विश्वस्त बदलल्याचं त्या कार्यालयाला कळवणारा बदल अर्ज भरायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं.

आता मूल्यमापन. काय मोजायचं, कधी, कोणी आणि कुणाच्या पैशातून, हे जाहिरातीत शोधा. समजा, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आहे. मंजुरी नोव्हेंबरात आली आणि 'नव्वद दिवसांत पायाभूत पाहणी' (काम सुरू होण्याआधीची स्थिती मोजणं) अशी अट असेल, तर तांड्यावर गेल्यावर दाराला कुलूप आणि ओट्यावर एखादी म्हातारी भेटेल. माणसं कोयता घेऊन कारखान्यावर, ती परतणार मार्च-एप्रिलात. मग मागे राहिलेल्यांचीच मोजणी होते. म्हणून पाहणी सप्टेंबरातच करून ठेवा आणि ती ग्राह्य धरावी, असं प्रस्तावातच मागा.

पाण्याच्या कामातही तेच. ऑक्टोबरातली विहीर मेमधल्या विहिरीशी ताडू नका. मेची पातळी मेशीच ताडा. शिवाय पाऊस बरा झाला की पातळी आपोआप वर येते, त्यामुळे काम न झालेल्या शेजारच्या गावातल्या दोन-चार विहिरीही मोजा. त्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा, नाहीतर तो प्रशासकीय खर्चात गडप होतो.

जाहिरात लिहिणाऱ्या साहेबांना एक विनंती: 'योग्य ते मूल्यमापन' एवढ्यावर भागवू नका. 'हंगामाआधीची आणि हंगामातली हजेरी शाळेच्या हजेरीपटावरून द्यावी. या कामाचा खर्च अनुदानातून मान्य राहील,' इतकं लिहिलं तरी अर्धे फोन वाचतील. तसं नसेल तर अर्जदारांनी शंका मुदतीआधी लेखी विचारावी आणि आलेलं उत्तर अर्जाला जोडावं.